खाटेचे वकील

वकील रस्त्याने येताना दिसले की चिंचवडात म्हाताऱ्या माणसांच्या घरची दारे लागत. बायका कडाकडा बोटे मोडत, पुरुष उगाच बैलांना पाणी दाखवायला उठत. कारण हे वकील मारामारीचे खटले चालवत नसत की बांधाचे दावे लढवत नसत. ते फक्त मृत्युपत्रे लिहीत. आणि मृत्युपत्र लिहिले की माणूस फार दिवस काढत नाही, असे आमच्याकडे लहानथोर सगळे मानत.

वकिलांना हे ठाऊक होते आणि त्यांना त्याची मजा वाटे. बंद दारासमोर उभे राहून ते मोठ्याने म्हणत, "मी काही यमाचा मेहुणा नाही. उलट माझ्याकडे लिहिलेला माणूस मरायचं नावच घेत नाही. रावेतचे बाबा बघा! नव्वदी उलटली, अजून हरभरे फोडून खातात. त्यांचा मुलगा मला वाटेत गाठून विचारतो, साहेब, तुम्ही त्या कागदात नेमकं काय घातलंत?"

आतून कोणीतरी हसे, पण दार उघडत नसे.

ते आमच्या घरच्या रस्त्याकडच्या खोलीत भाड्याने राहत आणि जेवायला आमच्याकडेच असत. मी तेव्हा लग्न होऊन नवी आले होते. मला परक्या माणसासमोर जायचा फार संकोच. मी ताट दारातून सरकवी आणि आडोशाला उभी राहून आत काय हवे नको ते ऐके. त्यामुळे त्यांचे बोलणे मी जितके ऐकले तितके त्यांना डोळ्यांनी पाहिले नाही. जे पाहिले ते असे: उंच, किंचित वाकलेले, चष्म्याची एक काडी गेलेली म्हणून तिथे दोरा, धोतरावर काळा कोट आणि गळ्यात शिंप्याची टेप. ही टेप ते कधी काढत नसत. एकदा आळंदीत एका आजीबाईने त्यांना शिंपी समजून नातवाच्या सदऱ्याचे कापड हातात दिले. वकिलांनी ते घेतले, खऱ्या शिंप्याकडून सदरा शिवून आणला आणि पोचता केला. पुढे त्याच आजीबाईने नवऱ्याला त्यांच्याकडे धाडला. "दिलेला शब्द पाळतो शिंपी," असे तिने नवऱ्याला सांगितले म्हणे.

टेप होती म्हाताऱ्या बायकांच्या खाटेसाठी. मृत्युपत्र लिहायला कोणी आला आणि जमीन, विहीर, बैल सांगू लागला की वकील त्याला थांबवत. "जमिनीला पाय नसतात, ती कुठे पळत नाही. आधी सांगा, म्हातारी कुठे झोपते? तुमच्या मागे कुठे झोपणार?" हे ठरल्याशिवाय ते पुढची ओळ लिहीत नसत. त्यांच्या प्रत्येक मृत्युपत्रात पहिले कलम खाटेचे असे. खाट कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीला, खिडकी कोणत्या हाताला, विहिरीकडचे दार किती जवळ. आणि खाली ठरलेली ओळ, की ही जागा तिच्या हयातीपर्यंत तिची, तिथून तिला कोणी हलवायचे नाही. यावरून त्यांना पंचक्रोशीत खाटेचे वकील म्हणत. हे नाव कोणी कुचेष्टेने ठेवले होते, पण त्यांना ते इतके आवडले की स्वतःची ओळख तशीच करून देत.

हा प्रश्न कुठे आणि कोणाला विचारावा याचे मात्र त्यांना भान नसे. बाजारच्या दिवशी ते चाकणला जात आणि कांद्याच्या गोण्यांवर म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसत. एकदा एक पैलवानी अंगाचा बाबा कांदा विकून पट्टीचे पैसे हातात पडल्याच्या खुशीत तंबाखू मळत होता. वकिलांनी जवळ सरकून गोड आवाजात विचारले, "बाबा, तुमची म्हातारी कुठे झोपते हो?"

बाबाने तंबाखू टाकली. "आमच्या म्हातारीची चौकशी करतूस व्हय रं? थांब!" आणि आसूड घेऊन तो उठला. पुढे काळा कोट, मागे आसूड, दोघांच्या मागे सगळा बाजार. वकील बटाट्याच्या ढिगावरून घसरले, टोपी गेली, पण पळता पळता ओरडत होते, "कलमासाठी विचारतो! कलमासाठी!"

संध्याकाळी हे त्यांनी आम्हाला स्वतःच सांगितले, एका पायाला हळद लावून घेत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हसून हसून खोकू लागले. "वकीलसाहेब, बायकूबद्दल इचारायचं आसंल तर आदी बैलाबद्दल इचारावं. मग पावसाबद्दल. मग पोराबाळाबद्दल. म्हातारीपर्यंत यायला दिवस मावळला पायजे."

"मालक, तेवढ्यात म्हातारा गेला तर?" वकील म्हणाले.

त्यांच्या शिक्षणाचे आणि पहिल्या नोकरीचे ते सहसा काढत नसत. एकदाच बोलले. आखाडातली दुपार होती, बाहेर रिपरिप लागलेली, आणि मामंजींनी सरळच विचारले की एवढा पुण्याचा शिकलेला माणूस, मोठे कोर्ट सोडून आमच्या गावात कशाला आलात?

ते म्हणाले, वकिलीची परीक्षा झाल्यावर ते पुण्यात एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली लागले. साहेबांकडे वाटणीच्या दाव्यांची रीघ. एका घराचा दावा दोन भावांत कितीतरी वर्षे चालला होता. निकाल लागला. घर मधोमध भिंत घालून निम्मे निम्मे. "आमची बाजू जिंकली होती हो! साहेबांनी कचेरीत पेढे वाटले. मी तरुण, मला वाटलं आपण मोठा पराक्रम केला. भिंतीची आखणी करायला कोर्टाच्या बेलीफाबरोबर मलाच पाठवलं. चुन्याची रेघ ओढत आम्ही आत गेलो, तर रेघ जिथून जायची तिथे त्यांची आई बसली होती. गोधडीवर. शेंगा सोलत."

"मग?" मामंजी म्हणाले.

"बेलीफानं मला विचारलं, ह्या बाई कोणत्या बाजूला? मी निकालाची नक्कल काढली. वाचली. तिच्यात परसातलं लिंबाचं झाड होतं, न्हाणीचा दगड होता, तांब्याची घंगाळी होती. आईच नव्हती. इतकी वर्षं दोन्हीकडचे वकील भांडले, पण म्हातारीचा उल्लेख एकाच्याही कागदात नाही. थोरला म्हणाला धाकट्याकडे, धाकटा म्हणाला थोरल्याकडे. शेवटी तिनंच गोधडी उचलली आणि म्हणाली, तुमची रेघ होऊ द्या बाबांनो, मी बाहेर बसते."

वकील पुढे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, मला भांडणानंतरची वकिली जमायची नाही. साहेब म्हणाले, भांडणाआधी वकिलाला बोलावतं कोण? मी म्हटलं, बोलावत नाहीत तर आपण जायचं."

त्यांची जायची रीतही जगावेगळी होती. नुसती टेप लावून त्यांचे समाधान होत नसे. जिथे म्हातारीची खाट पडायची तिथे ते स्वतः आडवे होऊन पाहत. धूर येतो का, छपरातून गळते का, गुरांचा वास किती. रहाटणीच्या एका घरी ते असे चुलीपलीकडच्या कोपऱ्यात कोट अंगावर घेऊन डोळे मिटून पडले. घरातली सून पाणी भरून आली. तिला यातले काही माहीत नव्हते. तिने कळशी सोडली आणि अंगणात धावली. "आवं, वकील मेला आपल्या घरात!" आळी जमा झाली. कोणी कांदा फोडून नाकाला लावायला धावले, कोणी डॉक्टरला आणायला निघाले. वकिलांनी डोळे न उघडता सांगितले, "धूर फार येतो. इथे खाट नाही चालणार." गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "मेल्यावरबी कलम सांगतोय बगा."

माझ्याशी त्यांचे एकच काम असे. मृत्युपत्राचा मसुदा झाला की ते कागद उंबऱ्यावर ठेवत आणि म्हणत, "सूनबाई, वाचा मोठ्यानं." मी चौथीपर्यंत शिकलेली. दाराआडून हळू हळू वाची. जिथे मी अडखळे तिथे ते लेखणीने काट मारत आणि सोपा शब्द घालत. "ज्याच्यासाठी लिहिलं त्याला समजलं पाहिजे. नाहीतर ते मृत्युपत्र नव्हे, उखाणा." सुरुवातीला माझा आवाज उंबऱ्यापलीकडे जात नसे. नंतर मला त्या वाचनाची वाट पाहायची सवय लागली.

त्या सुमारास पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले. आमची त्या बाजूची शेते गेली, घर आणि नदीकाठचा थोडा मळा राहिला. माझे यजमान कारखान्यात लागले. आमच्या घरासमोरचा रस्ता, ज्यावरून पूर्वी दिवसभरात चार गाड्या जात, तो सायकलींनी भरून वाहू लागला. शिफ्ट सुटली की घंट्यांचा नुसता किणकिणाट. आणि तेव्हापासून घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. वकील राहत होते त्या रस्त्याकडच्या खोलीवर मामंजींच्या दोन्ही मुलांचा डोळा गेला. थोरल्या दिरांना तिथे किराणा दुकान काढायचे होते. यजमानांना सायकल दुरुस्तीचे. वकिलांना काढायचा विषय नव्हता. प्रश्न होता मामंजींच्या मागे ती खोली कोणाची.

मामंजी तर चांगले धडधाकट होते. पण एकदा त्यांना हिवताप आला आणि ते अंथरुणावर असतानाच दोघा भावांनी कोळशाने घरात रेघ ओढली. नुसती अंदाज घ्यायला, असे म्हणाले. ओटीवरून, खोलीच्या दारावरून, माजघरातून थेट परसापर्यंत. ताप उतरल्यावर मामंजी भिंत धरून बाहेर आले आणि ती रेघ पाहून मटकन खाली बसले. "आरं, मी आजून हाय की रं," एवढेच म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी वकिलांना बोलावले. "लिवा वकीलसाहेब. काय मरायचं आसंल ते मरू."

वकील टेप घेऊन आत आले. रेघेच्या कडेकडेने चालत माजघरात पोचले आणि तिथे थांबले. रेघ जात्याला लागून गेली होती, आणि जात्याच्या कडेला माझ्या सासूबाईंची गोधडी घडी करून ठेवलेली होती. तिथेच त्या घर बांधल्यापासून झोपत आल्या होत्या. निम्मी गोधडी रेघेच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. वकिलांनी खाली बसून त्या गोधडीला टेप लावली.

मग वळून म्हणाले, "घर तुम्ही स्वतः बांधलंत ना, मालक? मग तुम्हाला हवं तसं लिहिता येईल. आई, तुम्ही सांगा. मालकांच्या मागे तुमची खाट कुठे?"

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यांना घरात कधी कोणी काही विचारले नव्हते. भाजी कोणती करू, हेही मामंजी सांगत. त्यांनी पदर पुढे ओढला. "मला काय. मी कुटंबी पडंन."

वकिलांनी लेखणीला टोपण लावले. "कुठेही हे कलम होत नाही, आई."

"मग चुलीम्होरं लिवा."

"धुरात?"

"मग गोठ्यात लिवा. माजं काय मेलीचं."

वकिलांनी कागद गुंडाळला. आत्याबाई सांगतील तेव्हाच पुढे लिहायचे, म्हणाले. मामंजी चिडले, थोरले दीर चिडले, यजमान म्हणाले हा कसला वकील, गिऱ्हाइकाला सोडून गिऱ्हाइकाच्या बायकोचे ऐकतो. पण वकील हटेनात. रोज जेवताना दाराकडे पाहून विचारत, "ठरलं का, आई?" आणि त्यांनी आत्याबाईंना एक काम लावून दिले. रोज दुपारी घरातल्या वेगळ्या जागी पडून पाहायचे.

आत्याबाईंना आधी मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण वकिलांनी सांगितलेले टाळायचे कसे? पहिल्या दुपारी त्या ओटीवर पडल्या, तर कुत्रे येऊन तोंड हुंगू लागले. मग थोरल्या जाऊबाईंच्या खोलीत पडल्या. जाऊबाईंनी इतक्या वेळा काही ना काही घ्यायला आत ये-जा केली की त्या उठून आल्या. मग आमच्या खोलीत. तिथे पत्रा तापत होता. मला म्हणाल्या, "कशी झोपतीस गं पोरी हितं?" हळूहळू त्यांना त्यात रस वाटू लागला. जागेला नावे ठेवू लागल्या. हितं उंदीर हायती, तिथं वारं न्हाई. मी त्यांना कशाला नाव ठेवताना पहिल्यांदाच ऐकत होते. मला आत कुठेतरी फार बरे वाटत होते.

एके दिवशी वकील चाकणहून लवकर परतले. दक्षिणा म्हणून मिळालेले कांद्याचे पोते खांद्यावर होते. खोलीचे दार ढकलले, उघडेना. आतून कडी. त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. मामंजी आले, थोरले दीर आले, पाळी संपवून यजमान आले, जाऊबाई आल्या. शेजारी जमले. चोर शिरला असेल म्हणून एकाने काठी आणली. थोरल्या दिरांनी दारावर धडका मारायला सुरुवात केली.

आतून बारीक आवाज आला. "जरा दम धरा की. डोळा लागला हुता."

आत्याबाई!

दार उघडले. त्यांचे केस विस्कटलेले, गालावर वकिलांच्या दोरीच्या खाटेचे वळ उमटलेले. एवढी माणसे समोर पाहून एरवी त्या आत पळाल्या असत्या. पण त्या दारातच उभ्या राहिल्या आणि वकिलांकडे बोट करून म्हणाल्या, "लिवा. हितं."

"कुठं हितं?" मामंजींनी विचारले.

"ह्या खोलीत. ह्या खिडकीला लागून. रस्ता दिसतो हितून. एवढी वर्सं मी ह्या घरात हाय, सायकलींचा नुसता आवाज ऐकतीय. आज बगितल्या."

मग वकिलांच्या खांद्यावरचे पोते घसरून पडले, ओटीभर कांदे पसरले, आणि वकील त्या कांद्यांत मांडी घालून बसले आणि हसू लागले. चष्मा दोऱ्यासकट गळून पडला तरी हसत होते. तिथेच, गुडघ्यावर कागद धरून, त्यांनी पहिले कलम लिहिले.

"आन माजं दुकान?" थोरले दीर म्हणाले.

"गोठ्यात काड," आत्याबाई म्हणाल्या. "न्हाईतर सोप्याम्होरं. तुला बापानं हातपाय दिल्यात न्हवं?"

यजमानांनी दुकानाचे नाव काढायला तोंड उघडले होते, ते मिटले.

मामंजींना मात्र दुसरीच काळजी. "आवं पर वकीलसाहेब, तुमी कुटं जाणार? आन हे तर मी मेल्यावर. मी आजून जिता हाय. घाई काय?"

"मेल्यावर कशाला?" आत्याबाई म्हणाल्या. "आजच टाका माजी खाट."

वकील उठले. "बरोबर आहे मालक. कायद्यानं मृत्युपत्र तुमच्या मागे लागू होतं. पण आईंची झोप आत्ताची आहे. आणि भाडेकरूची सोय मी कधी कोणाच्या मृत्युपत्रात घातलेली नाही." त्यांनी आपले पुस्तकांचे गाठोडे बाहेर काढले, अंथरूण काढले. दिवस मावळायच्या आत ते समोरच्या घरी राहायला गेले. त्यांना पाहून सगळ्यांत आधी ज्या घराचे दार लागायचे तेच ते घर. तिथल्या म्हातारीने स्वतः दार उघडले म्हणतात, आणि ते आत येण्याआधीच म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याशीबी बोला जरा."

दुसऱ्या दिवशी मी मसुदा वाचला. दाराआड नाही, आत्याबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी बसून. "मी शुद्धीवर असताना" या शब्दांना मामंजींनी हरकत घेतली. "शुद्धीवर लिवायचं कारण काय? मी काय पितो का?" वकिलांनी समजूत घातली. तालमीतल्या दोन तरुण पोरांनी साक्षीच्या सह्या केल्या. म्हाताऱ्यांच्या साक्षी ते घेत नसत; साक्षीदार मागे उरला पाहिजे, म्हणत. मळा दोघा भावांत निम्मा निम्मा, घराच्या मागच्या खोल्या निम्म्या निम्म्या, आणि पुढची खोली आईची. भांडायला जागाच उरली नाही. कोळशाची रेघ जाऊबाईंनी आणि मी मिळून शेणाने सारवून टाकली.

मामंजी पुढे पुष्कळ जगले. वकील रावेतच्या बाबांबरोबर त्यांचेही नाव घेऊ लागले.

मला आठवते ती मात्र खाट टाकल्यानंतरची एक दुपार. मी चहा घेऊन गेले, तर आत्याबाई खिडकीच्या गजांना नाक लावून बसलेल्या. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी बाईला विचारत होत्या, "कुटं निगालीस गं? पोरगं कितवं?" ती बाईही थांबून सांगत होती. मला पाहून त्या सरकल्या. "बस. पल्याडच्या गल्लीतल्या पोरीचं लगीन ठरलंय, तुला ठावं न्हाई." मी बसले. शिफ्ट सुटली होती. सायकलींची रांग लागली होती, त्यात माझे यजमान होते आणि त्यांनी आम्हा दोघींना खिडकीत पाहून इतके दचकून पाहिले की सायकल गटाराकडे गेली. आम्ही पदर तोंडावर धरून हसलो.

तेवढ्यात दारात मामंजी आले. आत यायला पाऊल उचलले आणि का कोण जाणे, उंबऱ्याशी थबकले. खाकरले. "येऊ का?" म्हणाले.

मी पटकन उठू लागले. आत्याबाईंनी माझा हात धरून खाली बसवले. मामंजींकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिले. ते मळ्यातून आले होते.

"या," त्या म्हणाल्या. "पर पाय धुऊन या."